ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधले सूर्य, ग्रह आणि कडं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्या टेबलावर एक जुना प्लॅनेटरी संच पेपरवेट म्हणून पडलेला असतो. घरी येणारा जवळपास प्रत्येक जण तो उचलतो, दोन बोटांनी फिरवतो आणि काहीतरी विचारतो. खालचे बरेचसे प्रश्न तिथूनच आलेत. काही विद्यार्थ्यांचे आहेत, काही पहिल्यांदाच ऑटोमॅटिक गाडी घेतलेल्यांचे.

प्लॅनेटरी गिअर म्हणजे नेमकं काय?

मधोमध दात्यांचं एक चाक असतं, तो सूर्य. त्याला भिडून तीन-चार छोटी चाकं, ते ग्रह. ग्रहांच्या खुंट्या ज्या चौकटीत बसवलेल्या असतात ती चौकट म्हणजे कॅरिअर. या सगळ्याला बाहेरून वेढणारं, आतल्या अंगाला दाते असलेलं कडं, म्हणजे रिंग गिअर. ग्रहांचे दाते एकाच वेळी सूर्यातही अडकलेले असतात आणि कड्यातही. ते स्वतःभोवती फिरतात आणि सूर्याभोवतीही, म्हणून हे नाव पडलं. इंजिनिअरिंग कॉलेजात याला एपिसायक्लिक म्हणतात, गॅरेजमध्ये नुसतं ‘प्लॅनेटरी’.

इथे कोणतंही चाक सरकून दुसऱ्यात जात नाही. दाते कायम एकमेकांत अडकलेलेच असतात. पहिला गिअर असो की सहावा, बदलतं ते इतकंच, की सूर्य, कॅरिअर आणि कडं यांच्यापैकी कोणाला धरून ठेवलंय. पुढची सगळी उत्तरं या एका वाक्याभोवतीच फिरणार आहेत.

गिअरबॉक्स न उघडता हे बघता येईल का?

येईल. स्कूटरच्या चाकातलं किंवा कूलरच्या मोटरचं जुनं बॉल बेअरिंग घ्या, छऱ्यांचा पिंजरा दिसेल असं. बेअरिंग म्हणजे बिनदात्यांचा प्लॅनेटरी संचच आहे. आतली रिंग सूर्य, छरे ग्रह, पिंजरा कॅरिअर आणि बाहेरची रिंग कडं.

तिन्हींवर पेनने एका रेषेत खुणा करा. बाहेरची रिंग डाव्या हाताने घट्ट धरा आणि आतली रिंग बोटाने थोडी दाबून एक पूर्ण फेरा फिरवा. पिंजऱ्यावरची खूण अर्ध्या फेऱ्यालाही पोचलेली नसते, पण गेलेली असते त्याच दिशेला. हा झाला तुमचा पहिला गिअर: वेग कमी, दिशा तीच. आता पिंजरा काडीने अडवून धरा आणि आतली रिंग फिरवा. बाहेरची रिंग उलटी फिरते. हा रिव्हर्स. शेवटी आतली आणि बाहेरची रिंग एकत्र चिमटीत पकडून फिरवा. सगळं बेअरिंग एका ठोकळ्यासारखं फिरतं, म्हणजे एकास एक. वंगण जास्त असेल तर छरे घसरतात आणि खुणा थोड्या फसवतात, म्हणून आधी पुसून घ्या. दात्यांचा संच फसवत नाही, कारण तिथे घसरायला जागाच नसते.

पण कोणाला तरी धरावंच का लागतं?

दगड हलवायला पहार लावताना टेकू लागतो ना, तसंच. टेकू नसेल तर तुम्ही कितीही जोर लावा, पहार नुसती हवेत हलते.

पहारीचं चित्रच पुढे नेऊ. एका टोकाला सूर्य, दुसऱ्या टोकाला कडं, मधे कॅरिअर. कड्याच्या टोकाला टेकू दिला आणि सूर्याचं टोक खाली दाबलं, तर मधला कॅरिअरही खालीच जातो, फक्त थोडा आणि जास्त जोराने. टेकू मधे, म्हणजे कॅरिअरला दिला तर सूर्याचं टोक खाली आणि कड्याचं वर. रिव्हर्स म्हणजे हा सी-सॉ. टेकूच काढून घेतला तर न्यूट्रल. इंजिन फिरतंय, ग्रह गरगरताहेत, पण चाकांकडे काहीच पोचत नाही.

टेकूला भार सोसावा लागतो हे मात्र लोक विसरतात. सूर्याला ३० दाते आणि कड्याला ६६ दाते आहेत असं धरा. सूर्यावर १०० न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर, दिला आणि कडं धरलं, तर कॅरिअरवर ३२० मिळतो. वरचे २२० कुठून आले? ज्याने कडं धरून ठेवलंय त्याने ते सोसले. गिअरबॉक्समधल्या क्लच प्लेट घासून ‘बसतात’ त्या याच भारापायी.

रेशो काढायचं सूत्र पाठ करावं लागेल का?

पाठ केलेलं सूत्र परीक्षेनंतर आठवड्याभरात जातं. त्यापेक्षा ही युक्ती कायम राहते. ३० दात्यांचा सूर्य, ६६ दात्यांचं कडं, भागाकार २.२.

कडं धरलंय आणि सूर्य फिरवायचाय. आधी घटकाभर उलट समजा: कॅरिअर धरलाय. कडं मागे एक फेरा फिरवलं तर सूर्य पुढे २.२ फेरे फिरेल. आता सगळा संच कडेवर घेतल्यासारखा उचलून एक फेरा पुढे फिरवा. कडं मागे एक, पुढे एक, म्हणजे जागच्या जागी. कॅरिअर एक फेरा पुढे. सूर्य २.२ अधिक १, म्हणजे ३.२ फेरे. झाला रेशो, ३.२ ला एक.

सगळे अडतात ते त्या ‘अधिक एक’वर. रुपयाची दोन नाणी टेबलावर ठेवा. एक बोटाने दाबून धरा आणि दुसरं त्याच्या कडेकडेने, न घसरवता, गोल फिरवत आणा. पूर्ण चक्कर होईपर्यंत फिरणारं नाणं स्वतःभोवती एकदा नाही, दोनदा फिरलेलं असतं. एक फेरा लोळण्याचा, एक प्रदक्षिणेचा. प्रदक्षिणेचा फेरा हिशेबात धरला नाही की उत्तर हटकून चुकतं.

याच पद्धतीने सूर्य धरून कडं फिरवलं तर १.४५ ला एक येतो. कॅरिअर धरून सूर्य फिरवला तर कडं उलट दिशेला, २.२ ला एक.

म्हणजे एका संचातून सहा-सात गिअर मिळतात?

कागदावर मिळतात. तीन घटक, त्यातला एक धरायचा, एक फिरवायचा, एकातून बाहेर काढायचं, म्हणजे सहा प्रकार. शिवाय थेट एकास एक. पाठ्यपुस्तकात हा तक्ता असतोच, आणि विद्यार्थ्यांची दिशाभूल त्यानेच होते असं माझं मत आहे. खऱ्या गिअरबॉक्समध्ये इंजिनकडून येणारा शाफ्ट आणि चाकांकडे जाणारा शाफ्ट ठरलेले असतात. कॅरिअरला आत्ता आउटपुट आणि पुढच्या क्षणी इनपुट करायचं तर आणखी क्लच, आणखी ड्रम, आणखी जागा लागते. म्हणून एका संचातून प्रत्यक्षात दोन-तीन उपयोगी रेशो काढतात आणि पुढचे गिअर हवे असतील तर संच जोडत जातात.

मग तीन, सहा, आठ गिअर येतात कुठून?

इथे खरी कारागिरी आहे, म्हणून जरा थांबून सांगतो.

अमेरिकेत हॉवर्ड सिम्पसन नावाचा इंजिनिअर होता, पूर्वी फोर्डमध्ये काम केलेला. त्याने दोन संच शेजारी ठेवून दोघांना मिळून एकच लांब सूर्य दिला. पहिल्या संचाचा कॅरिअर आणि दुसऱ्या संचाचं कडं हे दोन्ही आउटपुटला जोडले. या सिम्पसन संचावर अमेरिकेतले तीन-स्पीड ऑटोमॅटिक कित्येक वर्षं चालले. क्रायस्लरच्या टॉर्कफ्लाइट ए-७२७ चे आकडे बघा: पहिला २.४५, दुसरा १.४५, तिसरा १, रिव्हर्स २.२. आता आपला २.२ घ्या. दोन, अधिक (एक भागिले २.२), झाले २.४५. एक, अधिक (एक भागिले २.२), झाले १.४५. रिव्हर्स तर सरळच २.२. दात्यांचं एकच गुणोत्तर आणि त्यातून गाडीचे सगळे गिअर. पहिल्यांदा हा हिशेब जमला तेव्हा मी वहीवर तीनदा पडताळून पाहिला होता.

पोल राविन्यो या फ्रेंच इंजिनिअरने दुसरी वाट धरली. कॅरिअर एकच, कडंही एकच, पण सूर्य दोन आणि ग्रह दोन लांबीचे: आखूड ग्रह एका सूर्याला भिडतात, लांब ग्रह दुसऱ्याला, आणि आखूड-लांब एकमेकांनाही. जागा कमी लागते, म्हणून इंजिन आडवं बसवलेल्या पुढच्या चाकांच्या गाड्यांत हा संच खूप दिसतो. मग पिअर लपेल्तिए याने राविन्यो संचाच्या आधी एक साधा संच ठेवला. त्यामुळे राविन्योला दोन वेगवेगळे वेग मिळतात, एक इंजिनचा सरळ आणि एक आधीच कमी केलेला, आणि पाच क्लच-ब्रेकमध्ये सहा गिअर निघतात. झेडएफ कंपनीचा ६एचपी हा सहा-स्पीड गिअरबॉक्स याच रचनेवर २००१ मध्ये बीएमडब्ल्यू ७ सिरीजमध्ये आला.

त्याच कंपनीचा ८एचपी चार साध्या संचांचा आहे. धरणारे-जोडणारे घटक पाच, आणि कोणत्याही गिअरमध्ये तीन बंद, म्हणजे पकडलेले, आणि दोन उघडे, म्हणजे सुटे. उघड्या क्लचच्या प्लेटा तेलात नुसत्या घासत फिरतात आणि इंधन खातात, त्यामुळे उघडे दोनच ठेवणं हीच त्यातली खरी हुशारी. पहिला गिअर ४.७ च्या आसपास, आठवा ०.६७.

धरतो कोण आणि कशाने?

जुन्या गिअरबॉक्समध्ये ड्रमभोवती पट्टा आवळायचे, तो ब्रेक बँड. आता बहुतेक ठिकाणी प्लेटांची चळत असते. एक प्लेट लोखंडी, एक घर्षणाच्या कागदी अस्तराची, आलटून पालटून, तेलात भिजलेली. तेलाच्या दाबाने पिस्टन चळत दाबतो आणि प्लेटा एकजीव होतात. फिरणाऱ्या भागाला बॉडीशी बांधलं तर तो ब्रेक, दोन फिरणाऱ्या भागांना एकमेकांशी बांधलं तर तो क्लच.

तिसरा गडी वन-वे क्लच. सायकलचं फ्रीव्हील आठवा: पॅडल मारलं की पकडतं, थांबलात की टकटक करत सुटतं. इथेही तेच, फक्त आवाज न करता. त्याला तेलाचा दाब लागत नाही, कॉम्प्युटरचा हुकूमही लागत नाही.

कोणाला कधी दाब द्यायचा हे पूर्वी व्हॉल्व्ह बॉडी ठरवायची. ती म्हणजे चक्रव्यूहासारख्या तेलाच्या वाटा कोरलेला अॅल्युमिनियमचा ठोकळा. आता तिच्यावर सोलेनॉइड, म्हणजे विजेवर चालणारे छोटे व्हॉल्व्ह, बसलेत आणि हुकूम कॉम्प्युटरकडून येतो.

गिअर बदलताना गाडी कधी झटका देते, कधी इंजिन नुसतंच रेस होतं. असं का?

दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना एक पकड सुटायची असते आणि दुसरी बसायची असते, अगदी एकाच वेळी. हातातली कळशी दुसऱ्याच्या हातात देताना काय होतं तेच. तुम्ही लवकर सोडलीत तर कळशी पडते: क्षणभर टेकूच नाही, इंजिन मोकळं सुटतं आणि काटा वर पळतो. उशिरा सोडलीत तर दोघंही ओढत बसता: संच दोन्हीकडून धरला जातो आणि गाडी धडकल्यासारखी थबकते. प्लेटा झिजल्या, तेल जुनं झालं किंवा सोलेनॉइड मंद झाला की ही देवाणघेवाण बिघडते.

जुन्या रचनांमध्ये वन-वे क्लच याचसाठी घालत. दुसरी पकड बसली की पहिली आपोआप सुटायची, वेळ साधायची भानगडच नको.

घाट उतरताना ‘डी’मध्येच ठेवावं का?

नको. अॅक्सिलरेटरवरून पाय काढला की गाडी वरचा गिअर टाकते आणि इंजिनचा ब्रेक मिळत नाही, हे एक कारण. दुसरं कमी लोकांना माहीत असतं. वन-वे क्लचवाल्या जुन्या गिअरबॉक्समध्ये ‘डी’तला पहिला गिअर फक्त ढकलतो, अडवत नाही. उतारावर चाकंच गिअरबॉक्सला ढकलायला लागली की ते फ्रीव्हील सुटतं, उतारावर पॅडल न मारता सायकल पळते तसं. ‘एल’ किंवा ‘१’ला टाकलं की तिथे जादा ब्रेक लागतो आणि इंजिन गाडीला धरतं. नव्या गाड्यांत मॅन्युअल मोडमधून खालचा गिअर निवडा. आंबेनळीसारख्या घाटात खाली पोचेपर्यंत ब्रेकचा करपट वास यायला नको असेल तर हीच सवय ठेवा.

टॉर्क कन्व्हर्टर वेगळा की हाच?

वेगळा. इंजिन आणि प्लॅनेटरी संच यांच्यामधली ती तेलाची जोडणी आहे. सिग्नलला गाडी थांबली तरी इंजिन बंद पडत नाही, ते त्याच्यामुळे. सुटताना तो टॉर्क थोडा वाढवतोही. पण गिअर बदलणं त्याचं काम नाही.

माझ्या गाडीत प्लॅनेटरी आहे का?

आपल्याकडे क्लचचं पॅडल नसलेल्या प्रत्येक गाडीला ऑटोमॅटिक म्हणतात, म्हणून हा गोंधळ. २०१४ च्या सेलेरिओपासून भारतात पसरलेली एएमटी म्हणजे मॅन्युअल गिअरबॉक्सच. क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम यंत्र करतं इतकंच. त्यात प्लॅनेटरी नाही. डीसीटीमध्ये दोन क्लच आणि समांतर शाफ्ट. सीव्हीटीमध्ये पट्टा आणि पुली, पण गाडी मागे न्यायला बहुधा एक छोटा प्लॅनेटरी संच असतो. ‘टॉर्क कन्व्हर्टर’ म्हणून विकली जाणारी ऑटोमॅटिक, म्हणजे पूर्वीची ऑटोमॅटिक इनोव्हा क्रिस्टा, स्कॉर्पिओ-एन किंवा २०२२ नंतरची ब्रेझा, हे खऱ्या अर्थाने प्लॅनेटरी घराणं. होंडा मात्र इथेही वेगळी. तिने कित्येक वर्षं टॉर्क कन्व्हर्टर लावून आत समांतर शाफ्टचे गिअर वापरले.

हायब्रिड गाडीतही म्हणे हेच असतं?

असतं, आणि माझ्या मते प्लॅनेटरीचा सगळ्यात देखणा उपयोग तोच. १९९७ मध्ये आलेल्या प्रियसपासून टोयोटा एकाच संचावर हे करते: इंजिन कॅरिअरवर, एक मोटर-जनरेटर सूर्यावर आणि कड्यावर चाकं व दुसरी मोटर. पहिल्या प्रियसमध्ये सूर्याला ३० आणि कड्याला ७८ दाते. त्यामुळे इंजिनच्या टॉर्कचा ७२ टक्के हिस्सा कायम कड्याकडे, २८ टक्के सूर्याकडे. ही वाटणी दात्यांनीच ठरवून टाकलेली आहे, कॉम्प्युटरला ती बदलता येत नाही.

इथे कोणालाच पक्कं धरलेलं नसतं. सूर्यावरचा जनरेटर किती वेगाने फिरू द्यायचा एवढंच बदलतात. टेकू सरकता आहे म्हणा ना. म्हणून क्लच नाही, पायऱ्यांसारखे गिअर नाहीत, तरी रेशो सलग बदलतो. इनोव्हा हायक्रॉसच्या हायब्रिडमध्ये ‘ई-सीव्हीटी’ लिहिलेलं असतं ते हेच. त्यात पट्टा शोधू नका.

ही कल्पना कोणाची?

एकाची नाही. सूर्य-ग्रह हे नाव जेम्स वॅटच्या १७८१ च्या पेटंटमुळे रूढ झालं. क्रँकचं पेटंट दुसऱ्याकडे होतं, म्हणून वाफेच्या इंजिनाने चाक फिरवायला त्याने ही पळवाट काढली. कल्पना त्याच्याकडे काम करणाऱ्या विल्यम मर्डॉकची. १९०८ च्या फोर्ड मॉडेल टीमध्ये पायाने पट्टे आवळायचा प्लॅनेटरी गिअरबॉक्स होता. डावं पॅडल गिअरचं, मधलं रिव्हर्सचं, उजवं ब्रेकचं, अॅक्सिलरेटर स्टिअरिंगखाली हाताला. मजा म्हणजे त्यात बाहेरचं कडं नव्हतंच, तिहेरी ग्रहांवर भागवलं होतं. पायाचं काम तेलाच्या दाबाने करणारा, मोठ्या प्रमाणावर बनलेला पहिला पूर्ण ऑटोमॅटिक म्हणजे जनरल मोटर्सचा हायड्रामॅटिक, १९४० सालच्या ओल्ड्समोबिलसाठी आलेला.

गिअरबॉक्समधून बारीक शीळ येते. प्लॅनेटरी गेली का?

कोणत्या गिअरमध्ये येते ते आधी ऐका. एकास एक गिअरमध्ये संच ठोकळ्यासारखा फिरतो आणि दाते एकमेकांवर लोळत नाहीत. शीळ बाकीच्या गिअरमध्ये आणि त्याच गिअरमध्ये गायब, असं असेल तर ग्रह किंवा त्यांच्या बेअरिंगवर संशय घ्या. सगळ्याच गिअरमध्ये असेल तर आधी तेलाचा पंप आणि चाकाचं बेअरिंग तपासा. दर वेळी प्लॅनेटरीच्या माथी मारू नका.

तेल ‘लाइफटाइम’ आहे म्हणतात. बदलायचं का?

बदला. झेडएफ स्वतः आपल्या गिअरबॉक्ससाठी ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा आठ वर्षं सांगते. मात्र नेमून दिलेलंच एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल, घाला, कारण प्लेटांची पकड किती मऊ बसेल हे तेलातल्या रसायनांवर ठरतं. काळपट आणि करपल्या वासाचं तेल निघालं तर आधी प्लेटा बघून घ्या.

बंद पडलेली ऑटोमॅटिक न्यूट्रलला टाकून ओढून नेली तर?

माझ्या मेहुण्याने तेच केलं होतं. खंबाटकीच्या अलीकडे गाडी बंद पडली आणि पुढची चाकं जमिनीवर ठेवून ती पन्नासेक किलोमीटर ओढत आणली. गाडी पुढच्या चाकांवर चालणारी. न्यूट्रल म्हणजे टेकू नाही इतकंच, चाकं फिरली की आतले ग्रह फिरतातच. आणि तेलाचा पंप इंजिनवर चालतो, ते बंद. पन्नास किलोमीटर ग्रह कोरडे फिरले. उघडलं तेव्हा बुश निळे पडले होते. फ्लॅटबेड मागवा, किंवा गाडी ज्या चाकांवर चालते ती चाकं उचलायला सांगा.

तुमच्यासारखा संच कुठे मिळेल?

गिअरबॉक्समागे लागू नका, जड आणि महाग. कुर्ल्याच्या भंगार गल्ल्यांत प्लॅनेटरी रिडक्शन प्रकारची जुनी स्टार्टर मोटर मागा. तिच्या पुढच्या तोंडात तळहाताएवढा छान संच असतो. मेलेल्या कॉर्डलेस ड्रिलमध्ये तर एकामागे एक दोन किंवा तीन निघतात. उघडताना खाली वर्तमानपत्र पसरा. ग्रहांच्या आत कधी कधी सुईसारखे रोलर असतात आणि ते सांडले की थेट कपाटाखाली जातात.